उर्वशीचा डावा डोळा

राळेगाव
६ ऑगस्ट २०२४

आई,

तुमचा दंडवत प्रणाम आणि माझा जय भीम, दोन्ही इथूनच पाठवते.

घरी तुमच्याशी बोलायला उर्वशीची जुनी पाटी आहे. आम्ही लिहायचं, तुम्ही वाचायचं, आणि मग इतक्या खणखणीत आवाजात उत्तर द्यायचं की आज आपल्याकडे कशाची भाजी आहे ते अख्ख्या गल्लीला कळावं. तुमचे कान गेले, पण आवाज काही खाली आला नाही. आता तुम्ही मुकुटबनला लेकीकडे, आणि फोन म्हणजे तुमच्या लेखी मुकी वस्तू. म्हणून हे पत्र. लांबलचक पाटी समजा.

आठ दिवसांत येते म्हणून गेलात. वणीच्या कॅम्पात मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं, प्रियंकाकडे थोडा आराम करायचा आणि परत यायचं, असं ठरलं होतं. प्रियंका फोनवर ह्यांना सांगते की तारीख पुढे गेली. पुढे म्हणजे कुठे? एसटीची गाडी लेट असली तरी आम्ही कंडक्टर लोक प्रवाशाला काहीतरी वेळ सांगतोच. कधी कधी ती खरीही निघते.

उर्वशीच्या डोळ्याची पट्टी निघाली. डावा डोळा अजून लाल आहे आणि सारखा पाझरतो. त्यातून तिला उजेड कळतो, खिडकी कुठे आहे ते कळतं. माझा चेहरा कळत नाही. मी तिचा उजवा डोळा हातानं झाकून विचारलं, मी दिसते का ग? तर म्हणाली, "तू हायेस हे मालूम हाय ना मले, मंग दिसलं काय न् नाई दिसलं काय." नऊ वर्षांची पोरगी. मी तवा तापल्याचं सोंग करून उठले.

नागपूरला ऑपरेशनच्या आधी डॉक्टर मॅडम आम्हाला समजावत होत्या, तेव्हा तुम्ही कोपऱ्यात पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. पाटी घरीच राहिली होती. तुमच्यापर्यंत काही पोचलं नसणार, म्हणून लिहिते.

उर्वशीच्या डोळ्यात अळी होती. जूनमध्ये ती आधी तुम्हालाच म्हणाली होती बघा, पाटीवर लिहून, की आजी, माझ्या डोळ्यात साबुदाणा नाचतो. आपण किती हसलो होतो. तीच ती, एका बारीकशा फुग्यात बसलेली. डुकराचं कच्चं राहिलेलं मांस खाल्लं की काही माणसांच्या पोटात एक लांब किडा होतो. त्या किड्याची अंडी त्या माणसाच्या न धुतलेल्या हातातून, परसाकडच्या घाणीतून पाण्यात जातात, भाजीवर जातात, कोथिंबिरीवर जातात. ती ज्याच्या पोटात जातील त्याच्या अंगात ही अळी होते. मॅडम म्हणाल्या, ज्यांनी जन्मात मटणाकडे पाहिलं नाही त्यांनाही होते. आपल्या घरातल्या सगळ्यांना तपासलं, कोणाच्या पोटात काही निघालं नाही. उर्वशीच्या मेंदूचा फोटो काढला, तोही साफ आला. कुठल्या बाजारातली भाजी, कुठल्या पंगतीतलं पाणी, ते आता कोणालाच सांगता येणार नाही.

आणि खरी नासाडी अळीनं केलीच नाही म्हणे. हे मला अजून पचत नाही. अळी जिवंत होती तोवर डोळा शांत होता, कारण ती अंगाला आपली ओळख लागू देत नाही. मला माझ्या गाडीतलंच सुचतं. विनातिकीट माणूस मागच्या सीटवर गुपचूप बसलेला असतो आणि कोणाला पत्ता नसतो. अळी मेली, फुगा फुटला, की अंगाला एकदम कळतं की हा आपल्यातला नाही. मग आजाराशी लढायची जेवढी ताकद अंगात असते ती सगळी त्या एवढ्याशा डोळ्यात धावून येते, आणि अशी मारामारी होते की फुकट्या राहतो बाजूला, गाडीच्याच काचा फुटतात. डोळ्याच्या आतल्या पडद्याला सूज आली, सुजेवर जाळी धरली, जाळी आवळली तसा पडदा सुटला. तो मॅडमनी जागेवर बसवला आहे, टिकेल का ते दोन-तीन महिन्यांत कळेल. आता चालू आहेत ते थेंब अळीसाठी नाहीत. आपल्याच पोरीच्या अंगाला, बाई आता शांत बस, असं सांगण्यासाठी आहेत.

मॅडमनी आणखी एक गोष्ट विचारली होती. ती असू द्या.

लवकर या. उर्वशीला माझ्या हातची वेणी आवडत नाही. म्हणते, तू गर्दीतून वाट काढल्यासारखे केस ओढतेस.

तुमची,
साधना

———

राळेगाव
२१ ऑगस्ट २०२४

आई,

आज दुपारी मी ह्यांचा डबा घेऊन दुकानात गेले. तुमचे चिरंजीव पंपाच्या जळलेल्या मोटरीत नवी तार भरत होते. तेवढ्यात प्रियंकाचा फोन आला. हात तेलकट, म्हणून ह्यांनी स्पीकर लावला. मी मागे उभी आहे हे तिला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "दादा, आई म्हणते आता त्या घरचं पाणी नाई पिनार. डुकराचा किडा निंगाला तिथं कसं राहू म्हणते. वैनीच्या माहेरचंच आलं असंन ते."

हे एवढंच म्हणाले, "बरं, ठेव."

पाणी म्हणालात, आई?

मी लग्न करून या घरात आले तेव्हा तुमच्या दंडवत-प्रणामवाल्या पंथाची, तुमच्या नात्याची माणसं अंगणात बसली होती. बौद्धाची पोरगी आणली म्हणून तोंडं वाकडी. माठ मी भरला होता आणि कोणी गिलासाला हात लावत नव्हतं. तुम्ही उठलात. सगळ्यांच्या देखत दोन गिलास पाणी गटागटा प्यायलात आणि म्हणालात, "पोरीनं भरलं हाय, पेता त पेऊन घ्या, नाईतर बसा तसेच." त्या दोन गिलासांवर मी इतकी वर्षं या घरात मान वर करून राहिले. माझ्या बाबांनाही मी हेच सांगितलं होतं, की बाबा, तिथं आई आहे.

माझ्या माहेरी डुक्कर शिजत नाही. माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच ते सुटलं. आणि शिजत असतं तरी काय? कोणी काय खातं यावरून लेकराच्या डोळ्यात अळी येत नाही, हे मी मागच्या पत्रात तुम्हाला पोराला समजवावं तसं लिहिलं होतं. तुम्ही वाचलं नाहीत, की वाचून सुद्धा हे बोललात?

मग आता "असू द्या" म्हटलं होतं ती गोष्टही ऐका.

मॅडमनी विचारलं होतं, "जंताची गोळी हिला कोणी दिली होती का?" यवतमाळच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की अळी जिवंत आहे, नागपूरला ती जिवंतच बाहेर काढतील, तोवर जंताची गोळी अजिबात द्यायची नाही. एरवी हीच गोळी शाळेत सगळ्या पोरांना देतात आणि त्यांचं भलंच होतं. पण डोळ्यात अळी असताना दिली तर ती आतल्या आत मरते, आणि मग ती मारामारी सुरू होते. त्या दिवशी मला रजा मिळाली नाही. उर्वशीला घेऊन तुम्ही आणि हे गेला होता. दुसऱ्या दिवशी तुम्ही मेडिकलमधून गोळ्या आणल्या आणि तिला चघळायला दिल्या, गुळाच्या खड्यासोबत. उर्वशीनंच सांगितलं मला. तिला अजूनही वाटतं आजीनं लाड केले. त्यानंतर तिचा डोळा लाल झाला, त्यानंतर ती डोकं भिंतीवर आपटत रडली, आणि त्यानंतर तिला माझा चेहरा दिसेनासा झाला.

अळी कोणाच्या घरून आली ते कोणालाच माहीत नाही. डोळा कोणाच्या हातानं गेला ते मला माहीत आहे. नागपूरला मी गप्प बसले. घरी येऊन गप्प बसले. तुम्ही माझ्या आई होता म्हणून गप्प बसले.

नका पिऊ आमच्या घरचं पाणी.

साधना

———

राळेगाव
१२ सप्टेंबर २०२४

आई,

उत्तर आलं नाही. मी तरी कोणत्या तोंडानं वाट बघते आहे.

प्रियंका म्हणाली की पत्र पोचलं. तुम्ही दाराशी उजेडात बसून वाचलंत, पोथी वाचता तसं, एकेका अक्षराखाली बोट ठेवून. मग घडी करून उशीखाली ठेवलीत.

मी काय लिहिलं ते ह्यांना सांगितलं तेव्हा हे जेवत होते. ताट सरकवून उठले. म्हणाले, "तिले काहून लिवलं व तू? तिले मालूमच नोयतं." मी म्हटलं, कसं माहीत नव्हतं? डॉक्टरांनी सांगितलं ते तुम्ही घरी येऊन त्यांना पाटीवर लिहून दिलं ना? तर खाली बसले आणि ढसाढसा रडायला लागले. माझ्यासमोर असे रडताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

यवतमाळला आत तुमच्या कानावर काहीच पडलं नाही, ते ह्यांना माहीत होतं. बाहेरच्या बाकांवर माणसं खच्चून भरलेली. त्यात राळेगावचे ओळखीचे, तुमच्या पंथातलेही दोघं-तिघं. तुम्ही बाहेर येताच तुमच्या त्या आवाजात विचारलंत, "काय म्हने रे डाक्टर? काय हाय पोरीच्या डोळ्यात?" सगळ्या माना वळल्या. पाटी घरी. तुम्हाला कळायचं तर तुमच्या कानात बोंब मारून सांगावं लागणार होतं, डुकराचा किडा. त्या सगळ्या लोकांसमोर. "मले लाज वाटली, साधना," हे म्हणाले. "लोक म्हनतीन, पाहा, सुनेच्या माहेरचं घरात घुसलं. म्हनून म्या येवढंच वरडलो, किडा हाय. बाकी घरी जाऊन लिहून देईन म्हटलं."

घरी पाटी समोरच होती. पण तो शब्द तुमच्यापुढे लिहायला ह्यांचा हात होईना. आज लिहू, उद्या लिहू करत राहिले. आणि तुम्ही? नातीला किडा झाला असं ऐकलं, मेडिकलमध्ये गेलात, किड्याचं औषध आणलंत. जगातली कोणतीही आजी दुसरं काय करील? मी घरी असते आणि मला एवढंच कळलं असतं, तर मीही तेच केलं असतं.

आणखी एक. मॅडमचं वाक्य मी तुम्हाला पूर्ण लिहिलं नव्हतं. त्या म्हणाल्या होत्या, अळी गोळीनं मेली असेल, पण अशा अळ्या कधी आपोआपही मरतात, नक्की सांगता येत नाही. हे शेवटचं मी लिहिलं नाही. मला तेव्हा ते नको होतं. मला तुम्हाला लागेल असं काहीतरी हवं होतं.

आता रागवायला मला कोणी उरलं नाही, आई. ह्यांच्यावर चार दिवस रागावले. पण हे रोज उर्वशीच्या डोळ्यात थेंब टाकतात ना, तेव्हा पहिला थेंब गालावरच पडतो, तो रुमालानं टिपून पुन्हा टाकतात. कसं रागवायचं?

एक ओळ लिहा. शिव्या लिहा. तुमच्या शिव्या तशाही गल्लीभर ऐकू येतात, कागदावर आल्या तर निदान माझ्यापुरत्या राहतील.

साधना

———

राळेगाव
१५ ऑक्टोबर २०२४

आई,

परवा दीक्षाभूमीच्या जादा गाड्यांवर ड्युटी होती. माणूस माणसाला चिकटून उभा, आणि तरी सगळे आनंदात. बाबा आणि माझा भाऊ संघर्ष माझ्याच गाडीत होते. बाबांनी विचारलं, तुझ्या सासूबाई आल्या का घरी? मी म्हटलं, येतील. पुढे गर्दी होती, मी सरकले.

काल नागपूरला उर्वशीची तपासणी होती. पडदा पुन्हा सुटला आहे. मॅडमनी बराच वेळ पाहिलं, मग दिवा बंद केला आणि खुर्ची आमच्याकडे वळवून बसल्या. त्या अशा बसल्या तेव्हाच मला कळलं. आता तिथे पुन्हा ऑपरेशन करून उपयोग नाही. सूज उतरली, लढाई संपली, पण आत लढायला जागाच उरली नाही. उजेड कळायचा तोही आता कळत नाही. डोळा हळूहळू बारीक होईल. पुढे त्यावर एक रंगवलेलं कवच बसवतील, दिसायला बरं दिसावं म्हणून. उजवा डोळा ठणठणीत आहे, तो जपायचा. कायम चष्मा, खेळताना सुद्धा.

उर्वशीनं मॅडमना विचारलं, "ते कवच लावल्यावर दिसते काय?" मॅडम म्हणाल्या, "नाही बेटा, ते शोभेचं." गाडीत बसल्यावर मला हळूच म्हणाली, "आई, कोनाचा खरा डोळा भेटते काय? शाळेत बोर्ड लावला हाय, नेत्रदान करा म्हनून." मी म्हटलं, बघू.

मी कंडक्टर आहे. रोज शंभर लोकांना "बघू" म्हणते. पुढच्या स्टॉपवर जागा होईल का, बघू. त्यांना कळतं की बघू म्हणजे नाही. पोरीला कळलं नाही. ती हसली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. मला तिला उठवून सांगता आलं नाही.

आता तुमचं. प्रियंका म्हणते कॅम्प येऊन गेला, पुन्हा आला, आणि तुम्ही दोन्ही वेळा गाडीत बसायला नाही म्हणालात. काहून म्हणून विचारलं तर सांगत नाही. आई, असं करू नका. तुमचा उजवा डोळा तर आधीच पांढरा झाला होता, डाव्यावर कसं चाललं आहे? मोतीबिंदूचं काहीच नसतं हो. माझ्याच गाडीत म्हातारे लोक दुसऱ्या दिवशी काळा चष्मा लावून बसतात आणि खिडकीच्या सीटसाठी भांडतात.

माझ्या त्या पत्रामुळे तुम्ही स्वतःला शिक्षा करत असाल, तर मी तुमच्या पाया पडते. ते पत्र फाडून टाका. चुलीत घाला. आपल्या घरात एक डोळा गेला तेवढा पुरे झाला.

तुमची,
साधना

———

राळेगाव
९ नोव्हेंबर २०२४

आई,

हे पत्र तुम्ही वाचत असाल तर तुमचं ऑपरेशन झालं आहे आणि पट्टी निघाली आहे. प्रियंकाला मी सांगून ठेवलं आहे, तुम्हाला दिसायला लागलं की मगच द्यायचं.

भाऊबीजेला आम्ही तिघं मुकुटबनला आलो. त्या दिवशी जे झालं त्यातलं तुम्हाला फक्त एकच माहीत आहे, मी तुमच्या कानात ओरडले ते. बाकीचं तुम्हाला दिसलं नाही आणि ऐकूही आलं नाही. ते लिहिते.

प्रियंका आम्हाला घ्यायला स्टँडवर आली होती. मला बाजूला घेतलं आणि रडायला लागली. पाण्याचं ते बोलणं तुमचं नव्हतंच. तिच्या सासूनं काढलं होतं, आणि प्रियंकाला ते सासूच्या नावावर भावाला सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून तिनं तुमच्या नावावर खपवलं. तुम्ही असं काही बोललाच नव्हता. मला तर तिथेच रस्त्यावर खाली बसावंसं वाटलं.

घरी तुम्ही ओसरीत बाजेवर बसला होता. मी पाटी आणली होती. मोठ्या अक्षरात लिहिलं, माफ करा, आणि तुमच्या हातात दिली. तुम्ही ती चाचपली, उलटी धरली, मग मांडीवर ठेवून म्हणालात, "आता दिसत नाई काई. कोन हाय?"

प्रियंकानं माझी दोन पत्रं आणून दाखवली, बंदच. ती पत्रं आली तोवर तुम्हाला वाचता येईनासं झालं होतं, आणि तुम्हाला वाचून दाखवायला कान कुठे होते? म्हणजे तुम्ही माझी पत्रं वाचलीत ती पहिली दोनच. त्यानंतरचं माझं रडणं, माफी, मॅडमचं ते अर्धं वाक्य, ह्यांची लाज, काही पोचलं नाही. पोचलं ते एवढंच, की डोळा तुमच्या हातानं गेला. अडीच महिने तुम्ही तेवढंच घेऊन अंधारात बसला होता.

मी तुमच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, मी साधना! तुम्ही माझा हात घट्ट धरला. मला वाटलं, आता मारतील, आणि बरं वाटलं. तुम्ही म्हणालात, "तू खरं लिवलं व बाई. बाकी सारे मले बहिरी समजून गप राह्यतेत. पोरगा गप, पोरगी गप. तू मले मानूस समजून सांगतलं." तुम्ही माझा हात कपाळाला लावलात. त्यापेक्षा मारलं असतं तर बरं झालं असतं, आई.

मग तुम्ही उर्वशीला जवळ ओढलंत, तिचा चष्मा काढलात आणि अंगठ्यानं तिच्या पापण्या चाचपल्या. आणि तुमच्या त्या खणखणीत आवाजात सांगायला लागलात. "म्या आपरेशन नाई केलं. ते डाक्टर म्हने, आजी, अंदर नवी काच बसवतो. म्या म्हटलं, हात नको लावू. जसा हाय तसा राहू दे. माहा डोळा पोरीले लावाचा हाय. काच बसवल्यावर मंग तो तिच्या कामाचा राह्यते काय?"

ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं. प्रियंका आत गेली.

"प्रियंकाले इचारलं त ते रडते. जवायाले इचारलं त हात हालवते. कोनी धड सांगत नाई. तू खरं सांगते. सांग साधना, बसते ना माहा डोळा तिले?"

तेव्हा उर्वशी माझ्याकडे बघत होती. हे तुम्हाला दिसलं नाही. तिचं तोंड उघडंच राहिलं होतं आणि उजवा डोळा माझ्यावर लावलेला. ती म्हणाली, "आई, आजी देते म्हनते." मी "बघू" म्हटलं होतं ना. तिला वाटलं, मी बघितलं.

खरं काय आहे ते इथे लिहिते, कारण तेव्हा एवढं लांब तुमच्या कानात शिरलं नसतं. नेत्रदानात माणूस गेल्यावर त्याच्या बुबुळावरची पारदर्शक काच दुसऱ्याला बसवतात. उर्वशीची ती काच चांगलीच होती. तिचा गेला तो आतला पडदा, आणि तो कोणाचाच कोणाला बसवता येत नाही. आजीचा नातीला नाही, आईचा लेकीला नाही. बसत असता तर मॅडमच्या टेबलावरून मी दोन्ही डोळ्यांनिशी उठलेच नसते.

पण तुमच्या कानात जाईल असा एकच शब्द होता. खोटं ओरडले असते तर तुम्ही दोघी हसला असता. आणि तुम्ही त्या बाजेवर बसून एक डोळा जपत राहिला असता, जो तुमच्याही कामाचा नाही आणि तिच्याही नाही.

मी ओरडले, "नाही!"

तुम्ही म्हणालात, "काय?" मला पुन्हा ओरडावं लागलं. शेजारची माणसं दारात आली. मी उर्वशीकडे न बघता ओरडले, "नाही बसत, आई! कोणाचाच नाही बसत!"

तुम्ही माझा हात सोडला. मग अगदी हळू, तुमचा इतका हळू आवाज मी आजवर ऐकला नव्हता, म्हणालात, "मंग म्या कायले आंधळी बसली व?" आणि पदर तोंडाला लावून रडायला लागलात.

दुसऱ्या दिवशी प्रियंकाचा फोन आला, आई म्हणते तारीख घे. तुम्ही का तयार झालात ते तिनं विचारलं नाही. मीही विचारलं नाही. मला फक्त तुम्हाला दिसायला हवं आहे.

उर्वशी तिथे रडली नाही. चष्मा उचलून तिनं स्वतःच लावला. परत निघताना तुमच्या पाया पडली. वणीच्या गाडीत मला दोघींची सीट मिळाली. मी म्हटलं, खिडकीत बस. म्हणाली, "तूच बस." खिडकीसाठी जीव टाकणारी पोरगी माझ्या उजव्या हाताला बसली. म्हणजे माझ्याकडे तिची डावी बाजू. थोड्या वेळानं मी तिच्यासाठी पिशवीतून अनारसा काढून तिच्या डाव्या खांद्याजवळ धरला. तिनं घेतला नाही. तिला तो दिसलाच नव्हता. मी मुद्दाम हात पुढे नेला नाही, नुसती बघत बसले, मान वळवते का. वणी येईपर्यंत तिनं वळवली नाही.

आता घरीही तसंच चाललं आहे. शाळेचं, जेवणाचं, कामापुरतं बोलते. ह्यांच्याशी खेळते. मी जवळ जाऊन बसले की जागा बदलते, भांडून नाही, हळूच, आणि डावा डोळा माझ्याकडे करून बसते. त्या डोळ्यानं ती मला बघू शकत नाही, म्हणून तोच माझ्याकडे असतो.

तुम्हाला दिसायला लागलं की या, आई. तिच्या दुसऱ्या बाजूला बसा.

तुमची,
साधना